घर नंबर सतरा

नाशिकहून पहिल्या एसटीनं आलेल्या निलोफर मॅडमनी
समाजमंदिराच्या फरशीवर खडूचा पुडा रिकामा केला.
म्हणाल्या, "काढा तुमचा पाडा."

आम्ही बाराजणी. थिनिंग संपलेलं, खुडा सुरू व्हायचा,
नखांत अजून बागेचा हिरवा डाग.
झिपरी भोयेनं आधी विहीर काढली, मग दारूचं दुकान,
ते हसत पुसलं, परत काढलं.
रस्त्याला पांढरा खडू. पाण्याला निळा.
दवाखान्याचा लाल,
तो फरशी संपली तरी कुठं टेकेना.
शेवटी उंबऱ्याबाहेर, आमच्या चपलांच्या ढिगात
तिनं तो उभा करून ठेवला.
"इथं," म्हणाली. "एसटी असली तर."

दुसऱ्या शनिवारी प्रश्न शिकलो.
मला वाटायचं, त्यात काय शिकायचं, तोंड उघडायचं.
मी विचारलं, "दवाखान्यात जाताच ना, ताई?"
"देवकी, हा प्रश्न नाही," मॅडम म्हणाल्या,
"ही हो म्हणायला लावायची दोरी.
असं विचार: शेवटचं कधी गेलात?
परत कशानं आलात?
त्या दिवसाची मजुरी?
आणि मग गप्प बस.
ती गप्प राहील त्याहून थोडं जास्त."

हे अवघड. आमच्याकडं बाई गप्प बसली
की कुणीतरी लगेच चहा टाकतं.

मग मोजणी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
तुळजा म्हणाली, "हे येतं आम्हाला.
मुकादम क्रेट असेच मोजतो,
फक्त त्याची आडवी सहाव्या क्रेटला पडते."

बंगल्यांच्या आळीत वीस घरं, पाड्यात तीस.
दोन्हीकडं तेच प्रश्न, त्याच क्रमानं.
आळीतल्या सुनांना लोहाच्या गोळ्या दारात मिळालेल्या.
आमच्या नावांपुढं नर्सबाईंच्या वहीत
एकाच अक्षरात, पानभर: घरी नाही.
खोटं नव्हतं ते.
त्या येतात अकराला, आमची पिकअप सुटते सातला.
इतकी वर्षं ही दोन घड्याळं
कुणी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती.

घर नंबर सतरा माझं.
आपलं घर आपण विचारायचं नाही, असा नियम,
म्हणून झिपरी आली, पदर नीट करून, परकी होऊन.
"नाव?"
मला हसू आवरेना.
"शेवटचं कधी गेलात दवाखान्यात?"
"जातो की," मी म्हटलं. "सगळं बरं आहे."

तिनं लिहिलं नाही.
बसून राहिली. कोंबडी आत आली, फिरून गेली.
चहाला उठावं म्हटलं तर
तिनं नुसती मान हलवली.

मग माझ्या तोंडून मार्गशीर्ष निघाला.
डिपिंगचे दिवस, औषधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात,
पाचवा महिना, संध्याकाळ.
"कशानं झालं ते लिहू नको," मी म्हटलं,
"ते मला ठाऊक नाही.
एवढं लिही, गाडी नव्हती.
आणि तिसऱ्या दिवशी मी बागेत होते."

फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
झिपरीनं ताटलीची कड लावून
समासात उभी रेघ मारली. वर काय लिहावं
तिला सुचेना. कोरंच ठेवलं.

आणि आम्ही परत निघालो, घर नंबर एकपासून,
आधी बरं आहे म्हणालेल्या सगळ्यांकडं,
त्या कोऱ्या रकान्यासाठी.

मॅडमपुढं तुळजानं रेघा ओढल्या.
चार उभ्या, आडवी. आडवी पाचवीलाच.
मग परत चार.
"नऊ," मॅडम म्हणाल्या. "झाली सगळी घरं?"
"एकोणतीस," तुळजा म्हणाली.
"तिसाव्याला कुलूप आहे. सुरगाण्याला गेलेत,
सोमवारी येतील."
पेनाला टोपण न लावता
ती तशीच बसून राहिली.