अर्धा वेळ यांचा, अर्धा वेळ त्यांचा

हवा मी भरायचो. तोंडानं.
ब्लॅडरची नळी दातांत धरून, गाल दुखेपर्यंत.
चिंधूजी दोऱ्याला मेण चोळत म्हणायचे,
"अजून बे पोट्ट्या, अजून. जीव गेला का तुहा?"
कामठीच्या छावणीत खोगिरं शिवता शिवता
ते चेंडूंकडे वळले होते.

सन तीस. मी नऊ वर्षांचा.
कस्तुरचंद पार्कवर गिरणी विरुद्ध रेल्वे,
आणि खेळाआधीच भांडण, चेंडू कुणाचा?
रेल्वेचा विलायतेहून आलेला, पेटीतला, पातळ कागदात गुंडाळलेला,
त्याचा वासच निराळा.
आमचा म्हशीच्या कातड्याचा, बारा पानांचा,
चिंधूजींसारखाच थोडा डावीकडे कललेला.

पंच होता पार्सल ऑफिसातला डिक्रूझ.
संत्री तोलावीत तसे त्यानं दोन्ही चेंडू तोलले
आणि निकाल दिला,
अर्धा वेळ यांचा, अर्धा वेळ त्यांचा.
आम्ही हसलो. असा कुठे खेळ असतो?

त्यांच्या चेंडूनं आम्ही दोन गोल खाल्ले.
मग आमचा आला.
तो कुठे वळतो ते एकट्या हमीदला ठाऊक,
मोमिनपुऱ्यातला, दिवसभर मागावर बसणारा,
पायात काही नाही.
त्यानं तीन मारले. की दोन?
इथं माझी आठवण घसरते.
नातवाला मी तीन सांगतो.

दिवाळी उलटून गेली तेव्हा
गिरणीतले तिजारे हेडक्लार्क
शिळा विलायती पेपर घेऊन दुकानात आले
आणि उभ्या उभ्या मराठी करून वाचू लागले.
दूर, मॉन्टेव्हिडिओ नावाच्या बंदरात
जगाची पहिली स्पर्धा झाली. तेरा देश.
युरोपातले चारच गेले, बोटीनं, दोन आठवडे पाणीच पाणी,
डेकवर धावून पाय मोकळे ठेवत.
आणि शेवटच्या सामन्याला, ऐका चिंधूजी,
चेंडू कुणाचा यावरून भांडण!
पहिला अर्धा पाहुण्यांच्या चेंडूनं, पाहुणे पुढे.
दुसरा यजमानांच्या, आणि यजमान चार-दोननं जिंकले.

मी टाळ्या वाजवल्या.
चिंधूजींची आरी थांबली नाही.
"शिवले कोनं?"
"अहो, कोण जिंकलं ते सांगितलं ना."
"थे समजलं. शिवले कोनं?"

तिजाऱ्यांनी पेपर उलटा केला, सुलटा केला.
गोल मारणाऱ्यांची नावं होती,
बोटीचंसुद्धा नाव होतं.
चिंधूजींनी सुई दातात धरली, विचार केला.
"यजमानाचा असन ना, थो शिवनारा डावखुरा असन."

त्या दिवसापासून चेंडू बंद करताना
ते आत एक गाठ जास्तीची मारू लागले.
ती कुणाला दिसणार नव्हती, उपयोग तर काहीच नव्हता.
विचारलं तर म्हणाले, "त्याच्यासाटी."

वीस वर्षांनी आपल्याला बोलावणं आलं, ब्राझीलचं.
गेलो नाही.
कुणी म्हणतं अनवाणी खेळायचे म्हणून,
कुणी म्हणतं प्रवास लांबचा, कुणी आणखी काही.
हमीदला सांगितलं तेव्हा तो तुटलेला धागा जोडत होता.
"जूते थे ही कब," एवढंच म्हणाला,
आणि धोटा फेकला.

आता पंच्याऐंशीचा मी. रात्री जागून जर्मनीतले सामने बघतो.
नातवानं तसलाच चेंडू आणलाय, सीताबर्डीवरून.
म्हणतो, आजोबा, ह्या खऱ्या चेंडूंना शिवणच नसते,
तापवून चिकटवतात.
मी मांडीवर घेतला.
टरबुजासारखा गुळगुळीत, कुठेच न कललेला.
अंगठ्यानं सगळीकडून चाचपला,
आत काही लागतं का म्हणून.

हवा थोडी कमी होती.
तोंडाशी नेला तर
सुईच्या टोकाएवढं भोक,
ओठ लावायला जागाच नाही.