उरेब

अठरा वर्षं मी लिएजच्या रविवारच्या बाजारात
काटे तपासत फिरले. खाटकांचे, चीजवाल्यांचे,
एकदा तर मेणबत्त्या विकणाऱ्या जोगिणींचाही.
मापात पाप कुठे दडतं ते मला ठाऊक आहे:
पारड्याखाली चिकटवलेल्या मेणात, साखळीच्या एका जास्तीच्या कडीत,
आणि बहुतेक वेळा
अंगठ्यात.

आता आर्देनच्या जंगलात, पत्र्याच्या शेडमध्ये
शर्यतीच्या गाड्या तपासते. वजनं तीच आहेत,
फक्त गिऱ्हाइकं श्रीमंत झाली.

आज टेबलावर थॅकरेचा मागचा पंख.
पन्नास किलो टांगले. तीन मिलिमीटर वाकला.
पाचाची मुभा आहे.
पुन्हा टांगले. पुन्हा तीन.
थॅकरे भिंतीला टेकून सफरचंद खात होता.

समोर बाल्दिसेर्रा, तूरिनचा, फोटोंची चळत घेऊन:
झाडांमधल्या सरळ पट्ट्यावर, ताशी तीनशेला,
हाच पंख मागे झोपलेला,
वारा अंगावरून जाऊ देणाऱ्या गवतासारखा.
वळण आलं की पुन्हा ताठ.

नियम म्हणतो, गाडीचा हा भाग हलता नसावा.
वकील म्हणाला, वाकणं म्हणजे हलणं नव्हे.
पूल वाकतो. चर्चचा मनोरा वादळात वाकतो.
आपण त्यांना हलते म्हणतो का?
मग फ्रेंच प्रत उघडली, मग इंग्रजी.
एकीत स्वल्पविराम होता, दुसरीत नव्हता.
त्या स्वल्पविरामावर पाऊण तास गेला
आणि कॉफीवर साय धरली.

मी पंखावरून अंगठा फिरवला.
नियमात अंगठ्याची तरतूद नाही.
काळ्या लेपाखाली धागे होते,
उभे नाहीत, आडवेही नाहीत,
तिरपे.
उरेब.
माझ्या लग्नाचा झगा आईने असाच बेतला होता,
उरेब कापडाचा: हँगरवर सरळसोट काठी,
आणि चालले की
पावलागणिक वेगळा.

खाली ओढलं तर हे कापड हूं की चूं करत नाही.
मागून रेटलं तर पीळ घेतं.
आणि माझी वजनं फक्त खाली ओढतात.
सगळीच वजनं खालीच ओढतात.
थांबलेल्या गाडीला नियम लागतो,
शर्यत मात्र पळणाऱ्या गाडीची असते.
मधल्या फटीत थॅकरे राहतो,
बायकोमुलांसह, मजेत.

बाल्दिसेर्रा ओरडत होता, लबाडी, लबाडी.
पण त्याच्या कारखान्यातही दोन वर्षं
असलेच पंख मोडत होते, हे शेडमध्ये कुणाला माहीत नव्हतं?
त्याचा संताप नियम मोडल्याचा नव्हता.

पंच आत गेले. बाहेर आले.
आज नियमात. पुढच्या शर्यतीपासून नाही.
बाजारात असा निकाल मी कधीच दिला नसता,
की बाबा, आजचा अंगठा राहू दे,
उद्यापासून काढ.
पण खाटकाच्या अंगठ्याने
मटण कधी वेगाने धावलं नव्हतं.

दोघेही नाराज गेले. थॅकरे थोडा कमी.
मी अर्ज भरला. वजन, अंतर, शेरा: नियमात.
मग त्याला दारात गाठून विचारलं,
कापड कुणी कापलं?
तो जरा दचकला. हा प्रश्न वकिलांनी विचारला नव्हता.
विनिफ्रेड, म्हणाला. विनिफ्रेड ऑलडे.
आधी शिडं शिवायची. हात बघून कळतं तिला,
कुठला तुकडा कुठे कलणार.

अर्जात त्यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
तिरपं.