बर्फाच्या कारखान्यावरचा वर्ग

हर्णैला, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
माडीवर एक खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी,
लिलाव उठला की, तिथे माझा वर्ग.
खाली कंप्रेसर चालू असतो, फळा थरथरतो,
आणि माझा एस नेहमी वळवळत येतो.

द्वारका पावसे पहिल्या बाकावर.
हाताचा कोलंबीचा वास जाईना म्हणून
ती वहीचं पान कोपराने उलटते.

पहिल्या दिवशी मी सांगितलं :
इंग्रजीत कर्ता, त्याला लागून क्रियापद, मग बाकीचं सामान.
आपल्यात कर्ता निघतो,
वाटेत कुणाला, कुठे, कशासाठी, सगळ्यांना भेटतो,
आणि क्रियापद येतं अगदी शेवटी.
ती म्हणाली, मंग बराबरच आहे की,
होडी गेली ती काय करून आली
ते काठाला लागल्यावरच कळतं.

आणि 'नाही' तर त्याच्याही मागून येतं.
'आज येणार' एवढं ऐकून
माणूस तांदूळ धुवायला घेतो.

संयुक्त वाक्यासाठी मी खिडकीबाहेर बोट दाखवलं :
पोटापर्यंत पाण्यात उभी शेवटची बैलगाडी.
दोन बैल, एक जू. अँड म्हणजे जू.
सोडलं तरी दोघे आपापल्या पायांनी घरी जातील.
मिश्र वाक्यात मात्र एक बैल आणि एक गाडी,
गाडीला स्वतःचे पाय नसतात.
'पण मासळी गाडीतच असते ना, बाई,' मागून कुणीतरी.
हे पुस्तकात नव्हतं.
मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

मग एका शुक्रवारी तिने चार घड्यांचा कागद काढला.
प्रणितचा. म्हणजे प्रणितबद्दलचा, एजन्सीकडून.
तेलाच्या जहाजावर फिटर आहे तो, नऊ महिन्यांसाठी गेलेला.
आम्ही वाक्य फळ्यावर मांडलं :
द कॉन्ट्रॅक्ट हॅज बीन एक्स्टेंडेड.

तिने पहिल्या जागेवर पाहिलं. कॉन्ट्रॅक्ट.
ते आपलं आपण वाढलं? दुधीसारखं?
नाही, कुणीतरी वाढवलं.
कोणी?
लिहिलेलं नाही. याला कर्मणी प्रयोग म्हणतात.
पुढे बाय लावून नाव देता येतं,
दिलंच पाहिजे असं नाही.

ती उठली. माझ्या हातातला खडू घेऊन
तिने शेवटी बाय लिहिलं, पुढे एक लांब रेघ ओढली
आणि ती तशीच ठेवली,
बोली न लागलेली टोपली ठेवतात तशी.

आपल्यातपण म्हणतात, जाळं फाटलं, ती बसता बसता म्हणाली.
पण तिथे खडक कुठला ते गावाला ठाऊक असतं.

मी काही बोलले नाही. मला
प्रयोग बदलायला शिकवता येतो, तेवढंच.

शेवटच्या आठवड्यात म्हटलं, प्रत्येकीने एक वाक्य लिहा,
कुठल्याही जातीचं चालेल.
सुलभा चोगलेने लिहिलं, आय सेल फिश.
साधं वाक्य. कमरेवर हात ठेवून उभं.
द्वारकाने लिहिलं, व्हेन प्रणित कम्स होम,
स्वल्पविराम दिला, आणि पेनाला टोपण लावलं.

हे पुरं नाही झालं, मी म्हटलं.
मुख्य वाक्य राहिलं.

ठाऊक आहे, बाई.

तेवढ्यात लाइट गेली. कंप्रेसर थांबला,
आणि इतके दिवस त्याच्याखाली दबलेली
गाज एकदम खोलीत आली.
कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला,
उजेड नेमका तिच्या वहीवर पडला :
कम्स. जो समोर नाही
त्याच्या क्रियापदाला लावायचा तो एस
तिने लावला होता, न विसरता,
आणि तो अजिबात वळवळत नव्हता.