ओ

कुओपिओ, फेब्रुवारी. नऊ वाजून गेले,
अजून धड उजाडलेलं नाही.
खाली काल्लावेसी तलाव पांढरी पाठ करून पडलाय.
तेल्लेर्वो खिडकीकडे बघत नाही. एडिटर उघडते.

एक ओळ लिहून ती एका कामाला धाडून देते:
जा, पासष्ट हिवाळ्यांच्या बर्फाची जाडी लावून आण,
आणि मला अडवू नकोस.
ते जातं. कर्सर लगेच जागेवर,
जणू कुणी गेलंच नाही.
ती अहवालातलं अर्धं राहिलेलं वाक्य उचलते.
मागे कुठेतरी आधण चढलंय
हे पंख्याच्या आवाजावरूनच काय ते कळतं.

मागची कामं बोलतात, पण तुकड्यातुकड्याने.
"मार्च १९७"
मग शांतता.
मग कधीतरी: "१, बावन्न सेंटिमीटर."
उतावळ्याच्या हाती लागतो
सन एकशे सत्त्याण्णवचा बर्फ.
नवखी असताना तिने त्याचा आलेखही काढला होता.
औलिस हसला नव्हता. म्हणाला,
"ओळ पुरी झाल्याशिवाय"
कॉफी ओतली, दूध शोधलं, मिळालं नाही,
"मान हलवायची नाही."

आज मशीन रखडतंय.
काय काय चालू आहे, याची ती यादी मागवते.
सात नावं. सहा तिची.
सातव्यापुढे औलिस किन्नुनेन. स्थिती: चालू.
सुरू होऊन दोनशे अकरा दिवस.

औलिसला जाऊन दोनशे चार.
जुलैत, तळ्याकाठच्या झोपडीच्या धक्क्यावर,
बूट शेजारी नीट काढून ठेवलेले.
संस्थेने त्याचा कप्पा रिकामा केला,
दारावरची पाटी उतरवली,
पगार थांबवला.
याला कुणी कळवलंच नाही.

"मारून टाक," फोनवर इल्पो.
"पोरकं काम आहे ते. जागा अडवून बसलंय."
या धंद्याची बोलीच अशी.
जन्माला घालतात, पोरकं म्हणतात, मारतात,
आणि मग जेवायला जातात.

तिचं बोट कळीवर होतंच.
पण आधी त्याचं पान उघडून बघावं म्हटलं.
आकडे, आकडे, आकडे. ती खाली सरकत राहिली.
अगदी तळाशी एक ओळ:

"मार्च १९८३. दोन नोंदी, जुळत नाहीत.
पहिली ठेवू की दुसरी?"

आणि पुढे कर्सर.
चालू कसलं, उभं होतं ते.
वाट बघणाऱ्यालाही यादी चालूच म्हणते.
सगळा उन्हाळा, पानगळ, तलाव गोठतानाचे ते कण्हणारे आवाज,
आणि इथे एक प्रश्न
उंबऱ्याशी टोपी हातात घेऊन.

तळघरात ८३ची वही सापडली. ओलसर, रॉकेलचा वास.
औलिसचं पेन्सिलीतलं अक्षर, तेव्हा त्याचं वय चोवीस:
"पहिलं भोक पाडताना हात थरथरत होते, पट्टी तिरकी गेली.
कुणाला सांगितलं नाही. दुसरं धरा."

म्हणजे उत्तर त्याला ठाऊक होतं.
विचारायला मात्र त्याने यंत्र बसवलं,
आणि द्यायचं राहून गेलं.
की मुद्दाम राहू दिलं? तेल्लेर्वोला ठरवता येत नाही.
तिने लिहिलं: दुसरी.
एंटर दाबायला जरा वेळ लागला.

क्षणभर काहीच नाही.
मग पान धावायला लागलं. ८३ ओलांडलं, ८४, ८५,
इतकं भरभर की आकडे वाचवेनात,
खालच्या पट्टीवर काटा थरथरतोय,
आणि थांबलं.

"एप्रिल १९८६. एक नोंद कमी आहे.
त्या दिवशी गेलो होतो का मी?"

फोन वाजला.
"मारलंस का ते?"
"नाही," ती म्हणाली, खुर्चीखाली पायाने बूट शोधत,
"बोलतोय अजून."