हेही पहा

हरमॅटनची धूळ अजून खिडकीत साचते आहे, प्रोफ,
आणि तुमच्या मुलीनं मला किल्ली दिली आहे.
"तूच लाव बाई हे सगळं," ती म्हणाली,
"आम्हाला त्यातलं काही कळत नाही,
आणि घरमालक महिनाअखेर येईल."

इबादानचे गंजके पत्रे तापलेत.
वीज गेली आहे. शेजारचा जनरेटर
दमेकऱ्यासारखा खोकतो आहे.
मी जमिनीवर बसून. चौदा खोकी,
आणि कार्डांचं ते सहा खणांचं कपाट
जे विद्यापीठानं मोडीत काढलं होतं
आणि तुम्ही हातगाडीवर घालून घरी आणलं होतं.

पहिल्या तासाला तुम्ही कुणाचं नाव विचारलं नाहीत.
एक पुस्तक पुढे केलंत. म्हणालात, लपवा.
कुणी पिशवीत घातलं, कुणी कपाटामागे सारलं.
तितिलायोनं ते शेजारच्याच फळीवर
दोन आकडे चुकवून
सरळ उभं ठेवलं.
तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.
"चोरलेलं पुस्तक निदान कुणीतरी वाचतं.
हे मेलं."

परदेशातून आलेल्या त्या जाडजूड वर्गीकरणात
आमचे सगळे देव एका दशांशचिन्हामागे
'इतर' म्हणून दाटीवाटीनं बसवलेले,
लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे.
तुम्ही चिडला नाहीत.
खुर्च्या वाढवत गेलात, एकेक आकडा,
एकतीस वर्षं.

टंकयंत्राला आमची अक्षरं येत नव्हती.
अक्षराखालचं टिंब, डोक्यावरची चढती-उतरती रेघ
प्रत्येक कार्डावर तुम्ही हातानं द्यायचात, निळ्या शाईत.
राहू द्या ना प्रोफ, वाचणाऱ्याला कळतं.
"कळतं?" तुम्ही फळ्यावर लिहिलंत: इग्बा.
"दोनशे? भोपळ्याचं भांडं? की काळ?
सांगा, त्यानं काय मागितलं होतं?"
कुणी बोललं नाही.
बाहेर एक बाई भाजलेली कणसं विकत होती.

सहाव्या खणातही पुस्तकंच असतील असं वाटलं.
माणसं निघाली.
बांकोले, ओशोग्बो. उसने मागायला लाजतो. फी भरली आहे, त्याला सांगू नये.
सादिया, कात्सिना. घरी दिवा मिळत नाही. हेही पहा: रात्रीची खोली, जादा किल्ली.
एझिन्ने. युद्धात शाळा जळली. पुस्तक जोरात मिटलं की दचकते.

'म' मध्ये मी नव्हते.
तीनदा पाहिलं. चौथ्यांदा
अंगठ्याला थुंकी लावून, जे तुम्हाला मुळीच खपत नसे.

गेल्या डिसेंबरात भेटायला आले होते
तेव्हा तुम्ही माझा हात धरून विचारलंत,
"तितिलायो, बाळ कसं आहे?"
लागोसच्या रस्त्यावर ती बस उलटली त्याला
तेव्हा अकरा वर्षं झाली होती.
छान आहे, प्रोफ, मी म्हणाले. चालायला लागलंय.

मग 'त' पाहिलं. तिच्या मागे, चिकटून, मी.
मोजिसोला, इसेयिन. फार प्रश्न विचारते. विचारू द्यावेत.
खाली, वेगळ्या शाईत, लटपटत उतरलेलं:
हेही पहा: तितिलायो.
आणि माझ्या नावाखालची दोन टिंबं
पुन्हा पुन्हा गिरवून
कार्डाला आरपार भोकं पडलेली.

नियमानं हे उचलून जागेवर लावायला हवं.
गेली सव्वीस वर्षं मी पोरांना हेच शिकवते आहे.
पितळी सळई ओढून हातात धरली आहे
आणि ती जड आहे, वाटली होती त्याहून.

वीज आली. पंखा गरगरला,
मोकळी कार्डं फडफडली, मी तळहात ठेवला.
आतून तुमची मुलगी विचारते आहे
अमाला गरम करू का, आणि अजून किती वेळ.

झालंच, म्हणते मी.
सळई परत आत सरकवते.
आम्ही दोघी, जशा होतो तशा.