नंबर अडीच

दोनशे अकरा चष्मे.
आमच्या मंडळीतल्या गेलेल्यांचे, मोतीबिंदू काढलेल्यांचे,
एक तर शाळेच्या नाटकातला, बिनकाचेचा,
तोही कुणी पेटीत टाकला होता.
मी ते मोज्यांत गुंडाळले, तेवीस किलोंत बसवले
आणि मिनेसोटाहून ग्वाटेमालाला निघाले
दहा दिवसांसाठी, एकाहत्तराव्या वर्षी,
पाठीवर वचन छापलेला पिवळा टीशर्ट घालून.

व्हर्ननचा चष्मा तळाशी होता.
फ्रिजवर पडलेला असायचा. एकदा तो त्याच्यावरच बसला,
तेव्हापासून उजव्या काडीला तांब्याची तार.
द्यायचा म्हणूनच आणला होता.
तरी खोक्यात हात घातला की
माझी बोटं त्याला खाली, आणखी खाली ढकलत.

रविवारी माझी साक्ष.
तीन आठवडे घोकलेली: नोव्हेंबर, अतिदक्षता विभाग,
काळोख्या दरीतून प्रभूनं मला कसं चालवलं.
पाळकांनी तिचं स्पॅनिश केलं, हात उंचावून, माझ्याहून लांब.
मग एस्विननं, सोळा वर्षांच्या, स्पॅनिशचं त्झुतुहिल.
तो एवढंसंच बोलला आणि खाली बसला.
नंतर विचारलं, काय रे सांगितलंस?
"हिचा नवरा गेला. म्हणून आलीय."

पण तेवढ्यावर बाकावरच्या बायका
सरकल्या होत्या, एकीमागून एक, पार भिंतीपर्यंत,
आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली होती.

सोमवारी निकोलासा आली.
तिला अक्षरांचा तक्ता नको होता. तिनं सुई मागितली.
माझी वाट न बघता, शेंगा निवडाव्यात तसा
खोक्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि तारेचाच वर काढला.
नको म्हणायला मला त्झुतुहिल येत नव्हतं.

ती तडक घरी निघाली, आम्ही तिच्यामागे.
अवोकाडोच्या झाडाला माग बांधलेला.
पट्टा कमरेला अडकवून ती मागे रेलली, धागे ताणले.
मला वाटलं होतं, आधी तळं बघेल,
तळ्यापलीकडचा ज्वालामुखी,
देवाच्या हातची सगळी करणी
(घरी लिहायच्या पत्रात हे वाक्य मी आधीच लिहून ठेवलं होतं).
तिनं बघितलं ते विणकामातलं पाखरू.
मग त्याच्या आधीचं. त्याच्याही आधीचं.
प्रत्येकाला तीन पाय.

सून एकदम कोंबड्यांकडे गेली.
निकोलासा हसायला लागली, हसता हसता खोकली,
मांडीवर थाप मारून पुन्हा हसली.
किती महिने, का वर्षं, कुणास ठाऊक,
तीन पायांची पाखरं बाजारात गेली होती
आणि एकानंही तिला सांगितलं नव्हतं.
मग तिनं उसवायला घेतलं.
तांबडा धागा माझ्या हातात दिला, धर म्हणून.
मी धरला. तासभर धरला.
दुपारच्या यादीत माझ्या नावापुढे
'मुलांसाठी बायबल कथा' असं होतं.

मध्येच तिनं मान वर केली.
व्हर्ननच्या काचांतून, नंबर अडीच,
माझ्याकडे बघत राहिली. धाग्याकडे बघावं तसं.
काहीतरी विचारलं.
एस्विन लाजला. पाळकांच्या कानाशी लागला.
पाळकांनी घसा खाकरला, हात मात्र उंचावले नाहीत.
"विचारतेय, रात्रीचं जेवता का?"

घरी परतल्यावर अहवाल भरायचा होता.
चष्मे: दोनशे दहा. (बिनकाचेचा परत आला.)
प्रभूकडे वळलेले: किती?
ती चौकट तशीच सोडून मी उठले.
फ्रिजवरच्या धुळीत दोन गोल अजून होते, पुसले नाहीत.
साडेआठला एक अंडं उकडलं.
मीठ कुठे ठेवलं होतं ते शोधलं.