मूळ प्रत

झेरॉक्स चालणार नाही, सलालाच्या शाळेनं लिहिलंय.
मूळ प्रत हवी.
आणि तिच्यावर प्लास्टिक नको.

ते प्लास्टिक बाबांनी चढवलेलं, २००९ साली,
पदवीदान झालं त्याच संध्याकाळी,
विद्यापीठाच्या फाटकातून थेट लक्ष्मीपुरीत.
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्मभर ट्रॉल्या मोजलेला माणूस
लॅमिनेशनवाल्याला म्हणाला,
“जाडातलं घाल. उद्या लगीन झालं तरी पोरीचं नाव पुसाय नको.”
खाली डाव्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला.
बाबांनी तो अंगठ्यानं दाबला, रुमालानं दाबला,
घरी येऊन पाटाखाली ठेवून रात्रभर दाबला.
राहिला तो राहिलाच.

नाव पुसलं नाही. दुसरं झालं, इतकंच.
सुप्रभा बाबगोंडा मगदूम आणि सुप्रभा शीतल उपाध्ये
या दोन नसून एकच बाई आहे,
असं कसबा बावड्यातल्या नोटरीनं
मान वर न करता लिहून दिलं.
(एजंट फोनवर म्हणाला, शीतल म्हणजे तुमची बहीण का?)

एकोणीसच्या पुरात शुक्रवार पेठेतल्या घरात
पाणी देवळीपर्यंत चढलं.
आठ दिवसांनी ट्रंक उघडली:
रेशनकार्डाचा लगदा,
अल्बममध्ये वऱ्हाडी एकमेकांच्या तोंडाला चिकटलेले,
आणि तळाशी, गाळाखाली,
जशीच्या तशी पदवी.
बाबा काही बोलले नाहीत.
लुंगीच्या टोकानं पुसत राहिले,
पुढून, मागून, परत पुढून.

ते सोलायला गंगावेशीत रफीक बागवान.
केस वाळवायचं मशीन, दाढीचं पातं.
“गॅरंटी नाही देत, बाई. आणि बघत थांबू नका,
कुणी बघितलं की माझा हात हलतो.”
मी पाठ फिरवली.
समोर कट्ट्यावर म्हशीच्या धारा चाललेल्या,
एक म्हातारा पितळी ग्लासातला फेस
मिशीला लागू न देता पीत होता.
मागं चर्रर्र आवाज.
कुलगुरूंच्या सहीचं शेपूट प्लास्टिकबरोबर गेलं,
शिक्क्याची थोडी सोनेरी भुकटी गेली.
हातात कागद आला. एवढा हलका?
सोळा वर्षं मी प्लास्टिकचं वजन
पदवीचं समजत होते.
बुडबुडा कधी फुटला, कळलं नाही.

शाहूपुरीत कुरिअरच्या काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी,
सातवी ब, अपूर्णांकात कच्चा.
“मॅडम, आत काय?”
कागद.
“किंमत काय टाकू?”
कागदाला किंमत नसते, असा नियम.
त्यानं शून्य लिहिलं, फॉर्म माझ्याकडं वळवला,
मी सही केली.
तेरा वर्षं विनाअनुदानित शाळेत
पगारपत्रकावर अशाच सह्या केल्या,
आकडा थोडा वेगळा होता.

कोल्हापूर सोडले. मुंबई. मंत्रालय. दिल्ली. वकिलात.
मग अकरा दिवस एकच ओळ: प्रक्रियेत आहे.
भागाकार शिकवताना खडू फळ्याला टेकवून
मी मध्येच थांबते.
आत्ता कुणी मूळ प्रत मागितली तर?
पुढं बेचाळीस पोरं.
त्यांच्यातल्या एकानंही आजवर मागितलेली नाही.
“मॅडम, हातचा घ्यायचा राहिला,” एवढंच म्हणतात.

प्लास्टिक मी टाकलं नाही.
साड्यांच्या खाली आहे.
ट्यूबलाइटसमोर धरलं की त्यावर माझं जुनं नाव,
उलटं, फिकट;
मगदूममधला म तेवढा नीट लागतो.

बाबांना हे काही सांगितलेलं नाही.
रोज बातम्या संपल्या की फोन येतो.
त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून विचारतात,
“पोचली काय?”
मी रंकाळ्याकडच्या खिडकीत उभी.
“न्हाई अजून,” मीही ओरडते. “वाटेत हाय.”
“बरं,” म्हणतात.
थोडा वेळ नुसता श्वास.
मग, “जपून जा म्हणावं.”